एक डॉलर पस्तीस सेंटचं गवत आणि फुकटचं सोनं

माणदेशी

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा माण तालुक्यातला. सध्या आयडाहोत, बॉयसी गावात. पोटापाण्याला कंप्युटरच्या चिपांचा कारखाना. आमच्या घरात मेंढरं आजोबांपर्यंत होती. दिवाळी झाली की वाडा कोकणात उतरायचा आणि मिरगाच्या आधी घाट चढून परत यायचा. म्हणून कुणी चराईचा विषय काढला की माझे कान आपोआप उभे राहतात.

मागच्या महिन्यात कामावरच्या एका मित्राच्या सासऱ्यांकडे ओवायही काउंटीत गेलो होतो. (अवांतर: ओवायही हे हवाईचंच जुनं स्पेलिंग. बीव्हरच्या कातड्यांच्या धंद्यात आलेले काही हवाईयन इकडे शिरले ते परत आलेच नाहीत, म्हणून हे नाव.) म्हातारा सत्तरी पार केलेला, बोलायला कमी. जेवणं झाल्यावर मी सरकारी रानाबद्दल विचारत सुटलो, तर तो उठला आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. चराईचं बिल. रकाने असे: रानाच्या तुकड्याचा नंबर, जनावरं किती आणि कसली, कधीपासून, कधीपर्यंत, त्यातली सरकारी जमीन किती टक्के, आणि शेवटी एयूएम.

एयूएम म्हणजे एका जनावराची एका महिन्याची चराई. एक गाय वासरासकट, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढरं. म्हाताऱ्याच्या ३०० गाई १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट, म्हणजे १५३ दिवस. जमीन शंभर टक्के सरकारी. गुणाकार करून महिन्याच्या सरासरी दिवसांनी भागलं की १५०९ एयूएम होतात. २०२५ चा दर १.३५ डॉलर. एकूण २०३७ डॉलर १५ सेंट.

मी दोनदा वाचलं. तीनशे गाई पाच महिने जिथे चरतात ते रान दोन हजार डॉलरला! इथे खाजगी कुरण घ्यायचं तर एयूएमला वीस डॉलरच्या वर मोजावे लागतात, म्हणजे तीस हजारांच्या पुढे गेला हिशोब.

मग घरी येऊन खोदत बसलो. अमेरिकेच्या पश्चिम भागात केंद्र सरकारची अफाट जमीन आहे. नेवाडाचा जवळजवळ ८० टक्के भाग, आयडाहोचा ६० टक्क्यांच्या वर. यातला मोठा हिस्सा बीएलएम, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, या खात्याकडे: साधारण साडेचोवीस कोटी एकर, त्यातल्या साडेपंधरा कोटी एकरांवर चराई. परवाने आणि पट्टे मिळून अठरा हजारांच्या आसपास. १९३४ पर्यंत हे सगळं रान मोकळं होतं. ज्याची मेंढरं आधी पोचली त्याचं गवत. त्यामुळे सगळेच लवकर सोडायचे आणि गवत वर यायच्या आत मुळासकट खल्लास. मग धुळीची वादळं आली आणि कोलोरॅडोच्या एडवर्ड टेलर या खासदाराने कायदा आणला, टेलर ग्रेझिंग अॅक्ट. रान विभागलं, ज्याची शेजारी स्वतःची जमीन किंवा पाणी त्याला प्राधान्य, मुदत दहा वर्षं.

दर कसा ठरतो हेही बघण्यासारखं आहे. १९७८ च्या कायद्याने एक सूत्र दिलं. त्याच्या तळाला १.२३ हा आकडा आहे, तो १९६६ च्या एका पाहणीतून आलेला. त्यावर गवताचा भाव, बीफचा भाव आणि खर्च यांचे निर्देशांक चढवायचे-उतरवायचे. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने आदेश काढला की हेच सूत्र पुढे चालू ठेवा, पण १.३५ च्या खाली जायचं नाही आणि एका वर्षात २५ टक्क्यांपेक्षा जास्त हलायचं नाही. २०१९ ते २०२५ सलग सात वर्षं दर त्याच तळाला टेकून होता. बीफ आकाशाला भिडलं, तरी १.३५.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. आमच्या आजोबांनी आयुष्यभर ह्याहून जास्त दिलं असेल. पावती नसायची एवढंच. एका रानाला एक कोकरू, दुसऱ्याला दोनशे रुपये, पाटलाच्या शेतात तीन रात्री मेंढरं बसवायची (ते खत त्याला, ज्वारी आम्हाला, हा व्यवहार तरी चोख). आणि पुढच्या साली तेच रान मिळेल याची खात्री शून्य. म्हाताऱ्याकडे जे आहे ते स्वस्त गवत नाहीच. त्याच्याकडे फ्रिजवर लावता येणारा कागद आहे.

तर प्रश्न असा: हा दर वाढवावा का? मी अजून कुंपणावर आहे. आणि याच जमिनीखालचं तेल, कोळसा, सोनं यांचं काय? त्यातलं मला फार कळत नाही, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_एक

छान लिहिलंय. नेवाडातला तो बंडी याच भानगडीतला ना? बंडी नावाच्या माणसाने चराईबंदी मोडली, हे मराठी वर्तमानपत्राला मथळ्यासाठी फुकटात मिळालं असतं.

सगळंगणित

हो तोच. क्लायव्हन बंडी, बंकरव्हिल. १९९३ पासून चराईचा एक डॉलर भरला नाही, थकबाकी दंडासकट दहा लाखांच्या वर. २०१४ च्या एप्रिलमध्ये खात्याने गाई जप्त करायला घेतल्या तर बंदूकधारी समर्थक उभे राहिले आणि खात्याने गाई सोडून दिल्या. खटला चालला, पण सरकारी वकिलांनी पुरावे दडवले म्हणून २०१८ मध्ये न्यायाधीशांनी तो कायमचा काढून टाकला. १.३५ डॉलरसुद्धा ज्यांना जास्त वाटतात अशांना अजून किती स्वस्त द्यायचं?

माणदेशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सरळ आहे. सरकारी लेखापरीक्षकांनी २००५ मध्ये हिशोब मांडला होता: २००४ च्या आर्थिक वर्षात चराईवर सरकारी खात्यांचा खर्च किमान १४ कोटी ४० लाख डॉलर, आणि शुल्कातून जमा सुमारे २ कोटी १० लाख. उरलेले बाराएक कोटी कोणी भरले? न्यू जर्सीत बसून कर भरणाऱ्या माझ्यासारख्यांनी. लिलाव करा. ज्याला परवडेल तो घेईल. पर्यावरणवाल्यांना गवत न चारता ठेवायचं असेल तर त्यांनीही बोली लावावी. सध्या तीही सोय नाही, कारण परवाना घेतला की जनावरं सोडावीच लागतात.

भावनेच्या भरात कोकरू आणि कागद वगैरे ठीक आहे, पण तुमचा म्हातारा काही धनगर नाही. त्याच्याकडे चार-पाचशे एकर स्वतःची जमीन असेल.

रेनोकर

गवतावर एवढा काथ्याकूट चाललाय म्हणून राहवलं नाही. मी रेनोत असतो, खाणींना यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. त्यामुळे पुढचं लिहिताना मी माझ्याच ताटात बोट घालतोय याची कल्पना आहे.

मेंढपाळ थोडं तरी देतो. सोनं, चांदी, तांबं काढणारा केंद्र सरकारला रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या मालातला मालकाचा वाटा, किती देतो? शून्य. कमी वगैरे काही नाही, शून्यच. १८७२ चा मायनिंग लॉ, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँटच्या सहीचा, अजून जिवंत आहे. कल्पना अशी होती की पश्चिमेकडे वस्ती व्हावी, म्हणून कुणीही जावं, खुंट्या ठोकाव्यात आणि क्लेम, म्हणजे खणायचा दावा, सांगावा. एक क्लेम साधारण वीस एकरांचा. आज त्याला वर्षाला २०० डॉलर देखभाल शुल्क आहे. म्हणजे एकरी दहा डॉलर. बास.

पूर्वी तर जमीनच विकत मिळायची, एकरी अडीच किंवा पाच डॉलरला. १९९४ मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना कोर्टाच्या आदेशामुळे इथल्या गोल्डस्ट्राइक खाणीची जमीन बॅरिक कंपनीच्या नावावर करून द्यावी लागली. किंमत ९,७६५ डॉलर. खाली सोनं अंदाजे दहा अब्ज डॉलरचं. त्या वर्षापासून अशी विक्री थांबवलेली आहे, पण तीही दर वर्षीच्या अंदाजपत्रकात एक ओळ घालून. मूळ कायद्याला हात नाही.

गंमत बघा, हेच बॅबिट १९९३ मध्ये चराईचा दर ४.२८ डॉलर करायला निघाले होते. सिनेटमध्ये पश्चिमेकडच्या सदस्यांनी बोलून बोलून विधेयक अडवलं आणि दरवाढ बारगळली. म्हणजे एकाच मंत्र्याला गवताचे अडीच डॉलर वाढवता आले नाहीत आणि सोन्याची जमीन मोटारीच्या किमतीत द्यावी लागली.

आता लिथियमची पाळी. हंबोल्ट काउंटीतला थॅकर पास प्रकल्प ऐकला असेल. लिथियमही त्याच १८७२ च्या कायद्यात बसतं, म्हणून केंद्राला रॉयल्टी नाही. त्या खोऱ्यात गुरं चारणाऱ्या एका रँचरने खटला भरला होता, पाण्यावरून. काम २०२३ मध्ये सुरू झालं. वरचं गवत भाड्याचं आणि खालचा धातू फुकट, अशी एकाच तुकड्याची अवस्था.

राज्य काही घेत नाही असं नाही. नेवाडा निव्वळ उत्पन्नावर कर घेतं, आणि २०२१ मध्ये सोन्याचांदीच्या एकूण उलाढालीवर शाळांसाठी वेगळा कर बसवला. पण निव्वळ उत्पन्न म्हटलं की आधी खर्च वजा होतात, आणि खर्च कसे दाखवायचे हे सांगायला कंपन्यांकडे माणसं असतात. आमच्या धंद्यातला एक जण म्हणतो, खाणीत सोन्यापेक्षा खर्च जास्त सापडतो.

माणदेशी

रेनोकर, एक नंबर प्रतिसाद. मला हे शून्याचं खरंच माहीत नव्हतं.

सगळंगणित, लिलावाबद्दल. मीही आधी तसंच म्हणालो, म्हाताऱ्याच्या तोंडावर. तो चिडला नाही. म्हणाला, मी हे रँच १९८९ मध्ये घेतलं तेव्हा परवान्याचे पैसे मोजलेत. इथे मेख आहे. परवाना त्या घरच्या जमिनीला चिकटलेला असतो. जमीन विकली की नव्या मालकाला प्राधान्य मिळतं. मग विकणारा काय करतो? ज्या रँचला स्वस्त सरकारी रान आहे ती तेवढ्याने महाग विकतो. बँकही परवाना बघून कर्ज देते. म्हणजे सरकारने दिलेली सवलत पहिल्या मालकाने विकताना एकरकमी उचलली आणि निघून गेला. आजचा माणूस ती सवलत व्याजासकट फेडतोय. उद्या दर वीस डॉलर केला तर बुडणार कोण? ज्याने मलई खाल्ली तो कधीच ॲरिझोनात गोल्फ खेळतोय.

आणि कायदा काय म्हणतो? टेलर अॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की परवान्याने जमिनीवर कुठलाही हक्क निर्माण होत नाही. १९७३ मध्ये फुलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की सरकारने रँच संपादन केली तर परवान्यामुळे वाढलेल्या किमतीची भरपाई देणं लागत नाही. म्हणजे बाजारात त्याला किंमत आहे, बँकेत आहे, फक्त कोर्टात नाही.

शिवाय खाजगी कुरणाशी तुलना करताना एक गोष्ट राहून जाते. तिथे कुंपण आणि पाणी मालकाचं असतं. सरकारी रानात पाण्याच्या टाक्या, पाइप, तारा बघायच्या त्या यानेच. म्हाताऱ्याची पिकअप बघितली, मागे सगळा तारेचा गुंडाळा आणि खुंट. लांडगे येतात ते, हरणांचे शिकारी फाटक उघडं टाकतात ते, चीटग्रास नावाचं परकं गवत येऊन वाळतं आणि पेट घेतं ते, सगळं त्याच्या माथी. वीस आणि १.३५ मधला फरक सगळा सवलतीचा नाही.

पण तो पूर्ण फरक खर्चाचाही नाही, हेही मान्य. म्हणून तर कुंपणावर.

शाळामास्तरीण

मी न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यात सातवीला गणित शिकवते. वर्गाच्या मागच्या खिडकीतून पंपजॅक, म्हणजे विहिरीतून तेल उपसणारं यंत्र, दिसतो. दिवसभर मान हलवत असतो, माझ्या वर्गात तेवढा लक्ष देणारा तो एकटाच.

तेलाचं मी सांगते, कारण आमचे पगार त्यातून येतात. तेल, वायू, कोळसा यांना १८७२ चा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी १९२० चा वेगळा कायदा, आणि त्यात तेल-वायूची रॉयल्टी किमान साडेबारा टक्के. केंद्राच्या जमिनीवर हा दर तब्बल शंभर वर्षं तसाच राहिला. २०२२ मध्ये बायडेनच्या कायद्याने तो १६.६७ टक्के केला, बोलीची किमान रक्कम एकरी दोनवरून दहा डॉलर केली आणि लिलावात न गेलेल्या जमिनी मागच्या दाराने देणं बंद केलं. तीन वर्षं झाली नाहीत तोवर ट्रम्पच्या जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने पुन्हा साडेबारा. कोळशाचा तर २०३४ पर्यंत सात टक्क्यांच्या वर न्यायचा नाही असं ठरलं.

याच काळात राज्याच्या मालकीच्या जमिनीवर काय झालं? टेक्सासच्या विद्यापीठ जमिनींवर पंचवीस टक्के आहे. आमच्या राज्याने २०२५ मध्ये चांगल्या जागांसाठी वीसवरून पंचवीस केला. कंपन्या पळून गेल्या नाहीत. माझ्या सातवीच्या पोरांना मी हे गणित घातलं होतं: बॅरल सत्तर डॉलर धरा. रस्त्याच्या अलीकडे केंद्राची जमीन, पलीकडे राज्याची, खडक तोच. अलीकडे ८.७५ डॉलर, पलीकडे १७.५०. एका पोराने हात वर करून विचारलं, "मिस, मग सगळे अलीकडेच का खोदत नाहीत?" त्याचा बाप ड्रिलिंगवर आहे. मी म्हटलं, त्यालाच विचार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "तेल जिथे आहे तिथे खोदतात म्हणे."

मला वाटतं सगळा वाद त्या उत्तरात संपतो.

केंद्राच्या रॉयल्टीतला साधारण निम्मा वाटा राज्याला मिळतो. चाळीस टक्के धरणं-कालव्यांच्या जुन्या निधीत जातात, तो १९०२ चा. आमच्याकडे राज्याच्या जमिनींच्या उत्पन्नाचा एक कायमचा निधी आहे. २०२२ मध्ये मतदारांनी त्यातून लहान मुलांच्या शिक्षणासाठी जास्त पैसे काढायला मंजुरी दिली. त्यामुळे इथे रॉयल्टी हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो.

आणि हो, विहीर आटली की बुजवायचं कोण? एका पट्ट्याला अनामत होती दहा हजार डॉलर, १९६० पासून तीच. २०२४ मध्ये दीड लाख केली. तोपर्यंत मालक नसलेल्या विहिरी बुजवायला २०२१ च्या कायद्यातून ४.७ अब्ज डॉलर काढावे लागले होते. रॉयल्टी कमी, अनामत कमी, आणि शेवटचं झाकण सरकारी खर्चाने.

उगाच_एक

"तेल जिथे आहे तिथे खोदतात म्हणे." पोराला अर्थमंत्री करा.

काळी माती

अमेरिकेचं चालू द्या, पण धागाकर्त्याने आजोबांचा कागद काढला म्हणून लिहिते. मी परभणीकडची, जमिनीच्या केसेस लढवते.

गायरान म्हटलं की शहरातल्या लोकांना वाटतं गावाची गुरं चरायची हिरवी जागा आणि त्यावर गुंडांनी केलेलं अतिक्रमण. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून निकाल दिला, तो पंजाबातल्या तळ्याच्या जागेवरचा. आमच्याकडे तो घेऊन लोक सरळ भूमिहीनांच्या पिकात जेसीबी घालायला निघतात. मराठवाड्यात गायरान कसणारे बहुतेक दलित, भटके, आदिवासी. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला त्यात याच जमिनींची मागणी होती. नंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणं नियमित करा. तारीख बघा, १४ एप्रिल. कुणीतरी मंत्रालयात मनापासून निवडली असणार.

पण नियमित व्हायला पुरावा हवा. पुरावा काय? दंडाच्या पावत्या. तलाठ्याने गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद केलेली असली पाहिजे आणि दंड भरलेला असला पाहिजे. आमच्या एका आजीने अशा अकरा पावत्या डालड्याच्या डब्यात ठेवल्यात. सरकारने तिला गुन्हेगार ठरवल्याचा कागद हाच तिच्या हक्काचा कागद. ज्याच्याकडून तलाठ्याने कधी दंडच घेतला नाही तो बिचारा प्रामाणिकपणे बाहेर. तुमच्या म्हाताऱ्याच्या फ्रिजवरचं बिल वाचलं आणि मला हा डबा आठवला.

मेंढपाळांचं तर त्याहून अवघड. वनहक्क कायदा २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दांत आहे. पण धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातीत, अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणजे इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. जो आठ महिने फिरतोय त्याने रहिवास कुठला दाखवायचा?

आणि आता या गायरानांवर सौर प्रकल्प येतायत, कृषी वाहिनी योजनेचे. खाजगी शेतकऱ्याने जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. गायरान मात्र नाममात्र भाड्याने. सूर्य दोन्हीकडे सारखाच. वीज शेतकऱ्यांसाठी आहे, योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सार्वजनिक जमीन म्हणजे बिनमोलाची, ही समजूत अमेरिकेतली असो की परभणीतली, कसणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांच्या फायद्याची आहे.

सगळंगणित, तुमच्या लिलावात माझी आजी बोली कशी लावणार ते सांगा.

मांडवीकाठ

आमच्या गोंयचं राहिलंच. लोह खनिजाची कहाणी ऐका, रेनोकरांचा १८७२ फिका पडेल.

पोर्तुगीज काळात दिलेल्या कायमच्या सवलती, त्या १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत बदलल्या. पट्टे २००७ मध्ये संपले आणि खाणी चालूच राहिल्या! २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला तेव्हा बंद पडल्या. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये सांगितलं की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं खाणकाम बेकायदा. मग सरकारने काय केलं? ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण, लिलाव न करता. ते कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केलं आणि १६ मार्चपासून ट्रक थांबले.

मी सत्तरी तालुक्यातला. ट्रक थांबले तेव्हा आमच्या वाड्यावर अकरा ट्रकांचे हप्ते चालू होते. त्यामुळे खाण बंद झाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांचा मला राग येतो, आणि पट्टे फुकट वाटणाऱ्यांचा त्याहून जास्त. दोन्ही राग एकाच माणसात मावतात, खोटं वाटत असेल तर सत्तरीत येऊन बघा.

त्या २०१४ च्या निकालातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमच्या निधीत टाका, पुढच्या पिढ्यांसाठी. म्हणजे कोर्टाने मान्य केलं की खनिज हे उत्पन्न नाही, ती घरातली मोडीत निघालेली भांडी आहेत. विकलीत तर पैसे बँकेत ठेवा, जेवणावळी घालू नका. मास्तरीणबाईंच्या राज्यात हे आधीपासून आहे, त्यांना सलाम.

जाता जाता: रॉयल्टी म्हणजे कर की मालकाला द्यायचा मोबदला, यावर आपल्या सुप्रीम कोर्टाचं नऊ जणांचं पीठ बसलं होतं. जुलै २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ ने निकाल: रॉयल्टी हा कर नव्हे. म्हणून राज्यांना खनिजाच्या जमिनीवर वेगळा कर लावता येतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धा गोंधळ संपतो. कर कमी करा म्हणणारा सवलत मागतो. रॉयल्टी कमी करा म्हणणारा तुमची वस्तू स्वस्तात मागतो.

सगळंगणित

काळी माती, उत्तर माझ्याकडे नाही. आजी बोली लावू शकणार नाही. लिलावाचं मत मागे घेतो असं नाही, पण सुरुवात कुठून करायची यावर माझं मत बदललं. खाण आणि तेल आधी. तिथे डालड्याचा डबा घेऊन कोणी बसलेलं नाही.

मांडवीकाठ, शेवटचा परिच्छेद कापून ठेवतोय.

रेनोकर

मोडीत निघालेली भांडी, वा. पण खाणवाल्यांची बाजू म्हणून एक: धातूचं तेलासारखं नसतं. शोधायला दहा-दहा वर्षं जातात, दहातल्या नऊ जागा कोरड्या. एकदम साडेबारा टक्के लावले तर कमी प्रतीचं खनिज जमिनीतच राहील. नव्या खाणींना काही टक्के, जुन्यांना कमी, असं काहीतरी बसू शकतं. शून्याचं समर्थन मात्र आमच्या कॅन्टीनमध्येही कोणी मनापासून करत नाही. फक्त बाहेर बोलत नाही.

माणदेशी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काळी माती ताई, तुमच्या आजींच्या डब्याने रात्री झोप उडाली. आमच्या आजोबांकडे दंडाचीसुद्धा पावती नव्हती.

कुंपणावरून उतरतोय. माझं असं झालंय: चराईचा दर वाढवा, पण परवान्याच्या दहा वर्षांच्या नूतनीकरणाला, टप्प्याटप्प्याने, आणि वाढलेला पैसा त्याच रानात घाला. आजही शुल्कातला निम्मा भाग रान सुधारण्याच्या निधीत जातोच, फक्त एवढ्याशा दराचा निम्मा म्हणजे एका खुंटाचेही पैसे होत नाहीत. ज्याला सोडायचं आहे त्याला सन्मानाने सोडता यावं. मध्य आयडाहोतल्या व्हाइट क्लाउड्स डोंगरांबद्दल २०१५ मध्ये कायदा झाला, त्यात रँचर स्वखुशीने परवाना परत देऊ शकतो आणि मग ते रान कायमचं चराईमुक्त राहतं. संस्था त्याला मोबदला देतात. जबरदस्ती नाही, बंदुका नाहीत.

पण हे सगळं दुसऱ्या नंबरला. पहिला नंबर १८७२. म्हाताऱ्याला काल फोनवर रेनोकरांचा हिशोब सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे मी तिथे गाईऐवजी सोनं चारायला हवं होतं." त्याचं आयुष्यातलं पहिलं विनोदी वाक्य असावं, बायको मागून हसल्याचं ऐकू आलं.

ऑक्टोबरात केचमला मेंढरांची मिरवणूक असते. डोंगरातून उतरणारे कळप भर गावातून नेतात. पूर्वी बास्क मेंढपाळ होते, अजूनही रानात ॲस्पनच्या झाडांवर त्यांनी कोरलेली नावं सापडतात. आता सगळे पेरूचे, हंगामी व्हिसावर. जाणार आहे. घोंगडी घेऊन जाईन म्हणतो.

उगाच_एक

शेवटची शंका. पाच मेंढरं म्हणजे एक एयूएम, बरोबर? मग त्यांच्या कोकरांचं काय? ती धरतात का मोजणीत?

माणदेशी

नाही. रानात सोडताना सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आईबरोबर असेल तर मोजत नाहीत, त्याची चराई माफ.

आमच्या आजोबांकडे येणारा माणूस मात्र आधी कोकरंच मोजायचा. त्यातलं कुठलं न्यायचं ते ठरवायचं असायचं त्याला.